कार्बनच्या हँडलात पावशेर ज्वारी

मी महिनाभर सायकलच्या हँडलात पावशेर ज्वारी घेऊन फिरलो, आणि भेटेल त्याला सांगत राहिलो की सायकल किती हलकी झाली आहे.

यात ज्वारीचा दोष नाही. ती बिचारी मुखेडकडची, माझ्या सासऱ्यांच्या शेतातली. जिथं भरली तिथं गप बसून राहिली. दोष सासूबाईंचाही नाही, त्यांनी रीतीला धरून केलं. उरलो मी. आणि मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. ही गोष्ट लपवायचा माझा विचार होता, पण पुढं कुणीतरी ती सांगणारच आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. वजन आणि कंपनं हा माझा रोजचा धंदा आहे.

माझ्याकडं डोंगरात चालवायची सायकल आहे. लातुरात डोंगर नाही. आमच्या भागातला सगळ्यात मोठा चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल, आणि तोही उतरताना जास्त आवडतो. तरी दर रविवारी मी हेल्मेट घालून रेणापूरपर्यंत जातो, तिथं चहा पितो आणि डोंगर चढून आल्यासारखा चेहरा करून परत येतो. एवढ्यावर माझं समाधान होतं. मग मोबाईलवर कार्बनची माणसं भेटली.

ही माणसं एकदा भेटली की सोडत नाहीत. एक जण सांगतो, हँडल कार्बनचं, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचं करा, हलकं होतं आणि मनगटाला रस्ता कळणार नाही. दुसरा सांगतो, सीटचा दांडाही करा, पाठ दुआ देईल. तिसरा पायडल ज्या हातांना लावतात ते हातही कार्बनचे करायला सांगतो. पंधरा दिवसांत माझी खात्री झाली की माझी ऍल्युमिनियमची सायकल म्हणजे रोड रोलर आहे आणि मी आजवर तो ओढत होतो.

घरात बाजूला ठेवलेली रक्कम एकच होती आणि तिच्यावर मंगलचा, म्हणजे माझ्या बायकोचा, माझ्याआधीचा हक्क होता. मंगल गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. तिला पिको-फॉलचं मोटारवालं मशीन घ्यायचं होतं. लग्नसराईत बायका साड्या घेऊन यायच्या, पिको होत नाही म्हटल्यावर साडीबरोबर ब्लाऊजही उचलून दुसरीकडं न्यायच्या. हे तिनं मला तीनदा सांगितलं होतं. मी तीनदा "हो, बघू" म्हणालो होतो, आणि चौथ्यांदा तिच्यापुढं कार्बनच्या सीटच्या दांड्याचा फोटो धरला.

तिनं फोटो शांतपणे पाहिला.

"ह्यानं काय होतं?"

"सायकल हलकी होते. धक्के बसत नाहीत."

"आत्ता बसायलेत?"

"बसतात, पण सवय झाल्यामुळं कळत नाहीत."

"जे कळतच नाही, ते घालवायला खर्च करायचा?"

मी तिला समजावलं. भौतिकशास्त्राच्या आधारानं समजावलं. तिनं ब्लाऊजची बाही उलटी करता करता सगळं ऐकून घेतलं. बाई न्यायी आहे. म्हणाली, "एक काम करा. आधी एकच वस्तू बसवून बघा. फरक पडला तर बाकीचं पण घ्या, मी मशीनचं नाव काढणार न्हाई. न्हाई पडला, तर मशीन घ्यायचं. आणि फरक पडला का न्हाई ते तुम्हीच सांगायचं. खरं सांगायचं तेवढं."

निकाल माझा आणि खटलाही माझाच! असा करार मी आयुष्यात पाहिला नव्हता. लगेच कबूल केला.

ती एक वस्तू फुकट मिळायचा योगही आला. ते साल धोंड्याचं होतं. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि वर काहीतरी वस्तू हातात द्यायची, ही आमच्याकडची रीत. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या महिन्यावर जावयांचा फार जीव. मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, फोन आला.

"जावई, धोंड्याला काय घ्यावं म्हनता? मागल्या टायमाला चांदीची वाटी झाली. यंदा तांब्या बघू का?"

"मामा, यंदा हँडल द्या."

"कशाचं?"

"सायकलचं."

"सायकलला न्हाई व्हय हँडल? मग वळवता कसं?"

"आहे. पण हे कार्बनचं असतं. हलकं."

मामा म्हणाले, "सासऱ्याला हलकं मागनारा जावई तुमीच पयले. घ्या तुमच्या पसंतीनं. आमी हातात देऊ."

मी हँडल मागवलं. खोकं उघडलं तेव्हा खरंच हातात काही आहे असं वाटेना. काळी, गुळगुळीत, आरपार पोकळ नळी. मी ती मंगलच्या करंगळीवर ठेवून दाखवली. "हाय बाई हलकं," असं तिनंही मान्य केलं. मग ते पुन्हा खोक्यात घालून, गाडीत टाकून आम्ही सासुरवाडीला गेलो आणि खोकं आदल्या संध्याकाळी मामींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, ताब्यात दिलं. तिथून पुढं ते हँडल माझ्या नजरेआड होतं. मी ओट्यावर बसून मामांना कार्बन समजावत होतो. त्याच वेळी आत स्वयंपाकघरात काय चाललं होतं ते मला महिन्यानं कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतो.

मामींनी खोकं उघडलं आणि त्या दचकल्या. एक तर वस्तू काळी. त्यावर त्यांनी हळदीकुंकवाचा उपाय केला. पण दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. वस्तू रिकामी होती. आमच्याकडं शेजारणीची वाटी परत करताना कुणी रिकामी देत नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आणि इथं धोंड्याच्या वाणात, चार भावकीच्या बायकांसमोर, जावयाच्या हातात दोन्ही तोंडं उघडी असलेली रिकामी नळी द्यायची? मामींनी कणगीतली ज्वारी घेतली. उलथन्याच्या दांड्यानं ठोसून ठोसून नळी भरली, आणि दोन्ही तोंडांत कापडाचे बोळे घट्ट बसवले. भरलेली वस्तू ताटात ठेवली आणि त्या निवांत पुरणाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पाटावर बसलो. ताटातून हँडल उचललं तेव्हा ते मला जरा जड लागलं. (हे मी पहिल्यांदाच कबूल करतो आहे.) पण शेजारी तेहतीस अनारसे होते, पोटात सात धोंडे होते आणि सगळे माझ्याकडं बघत होते. अशा वेळी माणसाला रुमालसुद्धा जड लागतो. मी मनात म्हटलं, मानाची वस्तू आहे, असंच वाटणार.

लातुरात आल्यावर हँडल स्वतः बसवलं. रबरी मुठी चढवताना दोन्ही तोंडांत पिवळे बोळे दिसले. माझ्या डोक्यात एका क्षणात खुलासा तयार झाला : कार्बन नाजूक असतं, कंपनी तोंडं बंद करून पाठवत असणार. खोकं पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी याच नळीतून दुर्बिणीसारखं मंगलकडं पाहिलं होतं, हे मात्र आठवलं नाही. शिकलेल्या माणसाला खुलासा फार लवकर सुचतो. त्यामुळं त्याला पुढं तपासायचं कारण पडत नाही.

आणि रविवारी चमत्कार झाला. रेणापूरच्या रस्त्यावर एक पट्टा असा आहे की तिथं माझी मनगटं कायम बधिर व्हायची. त्या दिवशी काही झालं नाही. खड्डा आला, खड्डा गेला, हाताला निरोप पोचलाच नाही. मी मुद्दाम मागं फिरून त्याच पट्ट्यावरून पुन्हा गेलो. हात अगदी शांत. चहावाल्यालासुद्धा मी हँडल धरून बघायला लावलं. तो म्हणाला, "गच्च हाय." मला तो कार्बनचा गौरव वाटला.

घरी आलो. मंगल दारातच होती.

"पडला फरक?"

"लई."

"खरं सांगायलाव?"

"शप्पथ. एकदम मऊ. आणि पळते कशी, हवेसारखी."

धक्के कमी झाले होते, ते खरं होतं. हवेसारखी पळण्याचं मी उत्साहात जोडलं. मंगलनं मान हलवली, आत गेली आणि मशीनच्या माहितीचा जो रंगीत कागद तिनं आरशाला लावला होता तो काढून ठेवला.

पुढचा महिनाभर मी माणूस राहिलो नाही, व्याख्यान झालो. शिक्षकांच्या खोलीत, दाढी करताना, बँकेच्या रांगेत, मी कार्बनचे धागे कसे विणतात आणि ते कंपनं कशी गिळतात ते सांगत होतो. बारावीच्या वर्गात कंपनांचा धडा आला तेव्हा मी सायकलच फळ्यापुढं आणून उभी केली. हँडलावर टिचकी मारून म्हणालो, "बघा, आवाज कसा दबका येतो. ही कार्बनची करामत." ज्वारी आतून ऐकत होती.

उरलेलं सामान नांदेडच्या एका दुकानात मिळणार होतं. नांदेडला माझे साडू राहतात. दिगंबरराव. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहेत आणि सायकल चालवतात, पण ऍल्युमिनियमची. त्यांनीच दुकान शोधून ठेवलं होतं. ठरलं असं की त्यांच्याकडं जेवायचं, दुपारी दुकानात जायचं आणि सीटचा दांडा, पायडलचे हात, सगळं एका दमात घेऊन यायचं. मापं जुळावीत म्हणून सायकल सोबत. मागच्या सीटवर पुढचं चाक काढलेली सायकल आडवी, आणि पुढं मंगल, मांडीवर ते चाक घेऊन. अहमदपूरला ती म्हणाली, "ह्याचं वंगण साडीला लागायलंय."

पोचल्यावर मी अंगणात चाक बसवलं आणि दिगंबररावांना चालवून दाखवायला निघालो. त्यांचं फाटक अरुंद, फाटकातच त्यांची गाडी उभी. मी छाती काढून निघालो आणि हँडलाच्या टोकानं गाडीला लांबलचक रेघ ओढली.

दिगंबरराव रेघेकडं बघत राहिले. "सर, तुमचं हँडल आहे का औताचं जू?"

"नवीन हँडलं रुंदच असतात. ताबा चांगला राहतो."

"दिसला ताबा. दोन्हीकडनं दोन-दोन बोटं कापून टाकू. कार्बन कापता येतं, मी वाचलंय. जेवण व्हायला अजून वेळ आहे."

मला हरकत नव्हती. कमी केलं तर तेवढंच हलकं होईल, असंही मी म्हणालो.

ते लोखंड कापायची करवत घेऊन आले. ओसरीत सायकल उलटी न करता भिंतीला टेकवली. मंगल आणि तिची थोरली बहीण, आमची अक्का, शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उजवी मूठ ओढून काढली. पिवळा बोळा दिसला.

"हे काय?" दिगंबररावांनी विचारलं.

"कंपनीचं पॅकिंग."

मंगलनं शेंगांवरून मान वर केली. उठून आली. वाकून बोळ्याकडं पाहिलं.

"हे आईच्या पोलक्याचं कापड हाय."

"असं कापड कुठंही मिळतं," मी म्हणालो.

"काठाला माझी शिलाई हाय. हे पोलकं म्या शिवलंय. कंपनीला कुठून गावलं?"

आणि तिनं दोन बोटांनी बोळा उपटला.

आधी पाच-सहा दाणे आले. दिगंबररावांनी सायकल जरा कलती केली. मग धार लागली. ओसरीतल्या फरशीवर सर्रर आवाज करत ज्वारी पडत होती आणि आम्ही चौघं बघत होतो. धार संपली असं वाटलं, तेव्हा दिगंबररावांनी हँडलावर चापट मारली आणि आणखी एक हप्ता आला. शेवटी चार किडे बाहेर आले आणि उजेडात बिचकून उभे राहिले. जरा वेळानं एका ओळीनं माझ्या चपलेकडं निघाले.

अक्का शहाणी बाई. ती आतून सूप आणि तराजू घेऊन आली. "आधी गोळा करू," म्हणाली. "पाय देऊ नका कुणी, अन्न हाय."

"पावशेर भरली," तिनं थोड्या वेळानं जाहीर केलं.

दिगंबररावांनी मोबाईलवर हँडलाचं वजन काढलं. मग माझ्या जुन्या हँडलाचं काढलं. मग माझ्याकडं बघत म्हणाले, "सर, तुम्ही फिजिक्सचे. तुम्हीच बेरीज करा."

केली. ज्वारीसकट कार्बन जुन्यापेक्षा चांगलंच जड होतं. हलकी करायला निघालेली सायकल मी जड करून महिनाभर चालवली होती, आणि ती हवेसारखी पळते असं सांगितलं होतं.

मंगलनं मामींना फोन लावला आणि फोन सुपाशेजारी ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"आई, ह्यांच्या हँडलात ज्वारी घातली होती का गं तू?"

"घातली की." मामींचा आवाज एकदम निवांत. "रिकामं कसं द्यायचं जावयाला? दोन्ही तोंडं उघडी व्हती. लोक काय म्हनले असते?"

"मग सांगायचं न्हाई का?"

"सांगायचं काय त्यात? मला वाटलं काढून ठिवतील डब्यात. किडली का?"

"चार किडे निघाले."

"चारच? हवाबंद हाय म्हनायची नळी. चांगली हाय."

माझ्या हँडलाबद्दल त्या दिवशी एवढंच चांगलं बोललं गेलं.

मी अजून हरलो नव्हतो. म्हणालो, "थांबा. धक्के बसत नव्हते, हे तर खरं ना? ते कार्बनमुळंच."

"मग आता रिकामं चालवून बघा," दिगंबरराव म्हणाले. "कळेल."

मूठ चढवून मी फाटकाबाहेर पडलो (या वेळी गाडी आधीच मागं घेतलेली होती). त्यांच्या गल्लीत सिमेंटचे ठोकळे बसवलेले आहेत, त्यातले निम्मे हलतात. पहिल्याच ठोकळ्याला माझी जुनी मनगटं परत आली. दुसऱ्याला दात वाजले. टोकापर्यंत जाईस्तोवर हाताला मुंग्या आल्या. तिथं एका लिंबाखाली मी उभा राहिलो. सगळा धडा मला तिथं आठवला. नळीत दाणे ठासून भरले की ते एकमेकांवर घासतात, आणि कंपनं तिथंच मरतात. हे मी पोरांना शिकवतो. परीक्षेतही विचारतो. मनगटाला जी गादी लागली होती, ती मामींची होती.

परत आलो तर मंगल फाटकात उभी. तिचा चेहरा काही जिंकल्यासारखा नव्हता, तेच जड गेलं. तिनं एवढंच विचारलं, "आता सांगा. फरक हाय?"

मी दिगंबररावांकडं बघितलं. ते करवतीचं पातं पुसत होते. करवत तशीच कोरी राहिली होती. अक्का मोबाईलवर कुठल्याशा मशीनच्या दुकानाचा नंबर शोधू लागली होती. कराराप्रमाणं खरं सांगायचं होतं.

"न्हाई," मी म्हणालो.

मंगलनं मान हलवली. आत जाऊन चपला घातल्या. अक्कानंही घातल्या. मशीनचं दुकान दुपारी बंद होतं, आत्ताच गेलेलं बरं, असं दोघींचं चाललं होतं. आणि तेवढ्यात, माणसाला गप बसता येत नाही ते असं, माझ्या तोंडून निघून गेलं :

"ते हँडलाचं जाऊ द्या. पण सीटचा दांडा आणि पायडलचे हात जर कार्बनचे केले ना, तर वजन खरंच कमी होईल. दोन्ही मिळून वाटीभर तरी. एवढ्या फरकानं चढावर फार सुख लागतं. मशीन काय, पुढच्या लग्नसराईलाही—"

सुपाशेजारचा फोन बंद करायचा राहून गेला होता. त्यातून मामींचा आवाज आला नाही, मामांचा आला. ते इतका वेळ तिकडं मामींशेजारी बसून ऐकत होते, हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

"जावई," मामा म्हणाले, "पावशेर ज्वारी महिनाभर हातात व्हती, तुमाला कळली न्हाई. मग आता वाटीभर हलकं कुनासाठी करायलाव?"